विजय, आणि पुढे?

युरोपातील बहुतेक भाषांत ‘पिऱ्हसचा विजय’ असा एक वाक्प्रचार रूढ आहे. जो विजय मिळवताना जेत्याचेच कंबरडे मोडते, त्या विजयाला हे नाव देतात. तो ऐकला की मराठी माणसाच्या तोंडी सहजच ‘गड आला पण सिंह गेला’ हे शब्द येतात. पण दोहोंत एक मोठा फरक आहे. सिंह गेला खरा, पण कोंढाण्यावर निशाण तरी चढले. पिऱ्हसच्या नशिबी तेही फार दिवस नव्हते. त्याचे सिंह गेले आणि मागोमाग गडही गेले.

आणि तरीही हा पुरुष सामान्य नव्हे. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी कार्थेजच्या हॅनिबलला कोणी विचारले म्हणतात की, आजवरचा सर्वांत मोठा सेनापती कोण? हॅनिबलने पहिले नाव घेतले अलेक्झांडरचे, दुसरे पिऱ्हसचे, आणि तिसरे स्वतःचे. आल्प्स ओलांडून रोमला थरथर कापायला लावणाऱ्या वीराने ज्याला आपल्या वरचे पान वाढले, त्याचे नाव पुढे विजयाच्या थट्टेसाठी वापरले जावे, हे असे का झाले? ही त्याचीच हकीकत.

ग्रीसच्या वायव्येला, आजच्या ग्रीस आणि अल्बानिया या दोन देशांत विभागला गेलेला एपिरस हा डोंगराळ मुलूख. तेथील डोडोनाच्या ओक वृक्षाच्या सळसळीतून झ्यूस देव कौल देतो, अशी ग्रीकांची श्रद्धा होती. या मुलखातले मोलोसियन राजघराणे आपला वंश थेट ट्रॉयच्या युद्धातील अकिलीसपर्यंत नेऊन भिडवी. अलेक्झांडरची आई ऑलिंपियास याच घराण्यातली. इ. स. पूर्व ३१९ च्या सुमारास पिऱ्हस जन्मला, तेव्हा अलेक्झांडरला बाबिलोनमध्ये मृत्यू येऊन चार वर्षे झाली होती, आणि त्याचे सरदार त्या अवाढव्य साम्राज्याचे लचके तोडत होते.

पिऱ्हस दोन वर्षांचा असेल नसेल, तोच त्याच्या बापाचे राज्य गेले. बंडखोर राजवाड्यात शिरले, आणि काही इमानी सेवक या तान्ह्या पोराला उचलून पळत सुटले. प्लूटार्क या ग्रीक चरित्रकाराने पुढे चारशेहून अधिक वर्षांनी हा प्रसंग मोठ्या रंगतदारपणे लिहून ठेवला आहे. संध्याकाळ झाली होती. समोर पुराने फुगलेली नदी, मागे शत्रू. पैलतीरावर माणसे दिसत होती, पण पाण्याच्या घोंघाटात हाक ऐकू जाईना. तेव्हा एकाने ओकाची साल सोलली, वस्त्राच्या आकड्याच्या टोकाने तीवर चार अक्षरे कोरली, आणि ती साल धोंड्याला गुंडाळून पलीकडे भिरकावली. पैलतीरावरच्या लोकांनी झाडे तोडून तराफा बांधला. त्यावरून जो पहिला माणूस अलीकडे आला आणि ज्याने राजपुत्राला उचलून घेतले, त्याचे नावही योगायोगाने अकिलीस होते!

तेथून ही मंडळी इलिरियाचा राजा ग्लॉकियस याच्या दारी गेली. राजा विचारात पडला; कारण मॅसिडोनियाचा बलाढ्य कसँडर या घराण्याचा वैरी. अशा वेळी ते पोर रांगत रांगत पुढे गेले आणि राजाचा झगा मुठीत धरून त्याच्या गुडघ्याशी उभे राहिले. राजाला आधी हसू आले, मग गहिवरून आले. त्याने मूल उचलून राणीच्या ओटीत घातले. पुढे कसँडरने या पोराच्या मोबदल्यात दोनशे टॅलंट, म्हणजे सुमारे पाच हजार किलो चांदी, देऊ केली. ग्लॉकियसने ती घेतली नाही. पोर बारा वर्षांचे झाल्यावर सैन्य पाठवून त्याने त्याला बापाच्या गादीवर बसवले.

पण गादी मिळणे निराळे आणि टिकणे निराळे. सतरा वर्षांचा असताना पिऱ्हस ग्लॉकियसच्या मुलाच्या लग्नाला गेला, आणि तो वऱ्हाडात रमला असताना मागे राज्य उलथले. आता तो मेहुण्याच्या, म्हणजे बहिणीचा नवरा डिमिट्रियस याच्या आश्रयाला गेला. इ. स. पूर्व ३०१ मध्ये आजच्या तुर्कस्तानातील इप्सस येथे अलेक्झांडरच्या वारसांची जी मोठी लढाई झाली, तीत हा अठरा वर्षांचा पोर डिमिट्रियसच्या बाजूने लढला आणि चमकला. पक्ष मात्र हरला, आणि तो हरण्यात आपल्या देशाचा हात होता. चंद्रगुप्त मौर्याने थोड्याच वर्षांपूर्वी तह करून सेल्यूकसला पाचशे हत्ती दिले होते. त्या हत्तींनी ऐन वेळी डिमिट्रियसच्या घोडदळाची परतीची वाट अडवली, आणि इकडे त्याचा ऐंशी वर्षांचा बाप अँटिगोनस एकटा पडून मारला गेला. हत्ती म्हणजे काय चीज आहे, हे पिऱ्हसने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

पुढे तो ओलीस म्हणून इजिप्तमध्ये टॉलेमीच्या दरबारी राहिला. तेथे त्याने आपल्या वागण्याने राणी बेरेनिकेचे मन जिंकले आणि तिच्या मुलीशी लग्न केले. इ. स. पूर्व २९७ मध्ये सासरचे धन आणि सैन्य घेऊन तो एपिरसला परतला. गादीवर असलेल्या नातलगाशी त्याने अर्धे-अर्धे राज्य वाटून घेतले, आणि थोड्याच दिवसांत त्याला मेजवानीला बोलावून ठार केले. तो आपल्याला विष घालणार होता, असे पिऱ्हसचे म्हणणे. खरे असेल, पण डाग तो डागच.

दिसायला तो राजबिंडा नव्हता. चेहऱ्यावर राजतेजापेक्षा दरारा अधिक. त्याचे वरचे दात सुटे नसून एकच सलग हाड होते आणि त्यावर दातांच्या नुसत्या रेघा होत्या, असे सांगतात. पांथरीचे दुखणे असलेल्या रोग्याला पालथ्या-उताण्या न करता उताणा निजवून, उजव्या पायाने हलकेच दाबून तो बरे करी, आणि गरिबातल्या गरिबालाही ही सेवा नाकारीत नसे. लढाईत मात्र तो स्वतः पुढे घुसे. मॅसिडोनियाच्या पँटॉकस या सरदाराला त्याने द्वंद्वयुद्धात लोळवले, तेव्हा सैनिक त्याला ‘गरुड’ म्हणू लागले. तुमची शस्त्रे हेच माझे पंख, असे तो त्यांना उलट म्हणे. सैनिकांनी जीव ओवाळून टाकावा असाच हा राजा. त्याने मॅसिडोनियाचे अर्धे राज्य मिळवले, आणि तीन-चार वर्षांत गमावलेही.

एपिरसमध्ये स्वस्थ बसणे म्हणजे त्याला शिक्षा वाटे. अशात इटलीच्या दक्षिण टोकाकडून निमंत्रण आले. टॅरेंटम हे तेथले श्रीमंत ग्रीक शहर. त्याच्या समुद्रात रोमची जहाजे शिरली म्हणून शहराने ती बुडवली, जाब विचारायला आलेल्या रोमन वकिलाच्या अंगवस्त्रावर घाण टाकून त्याची टर उडवली, आणि युद्ध दाराशी आल्यावर पिऱ्हसला हाक मारली.

पिऱ्हसच्या पदरी किनियस नावाचा एक थेसालियन मुत्सद्दी होता. डिमॉस्थेनीसची वाणी ज्याने ऐकली होती, असा हा वक्ता. आपल्या तलवारीपेक्षा किनियसच्या जिभेने अधिक शहरे मिळवून दिली, असे पिऱ्हस स्वतःच म्हणे. स्वारीची तयारी चाललेली पाहून एके दिवशी किनियसने राजाला निवांत गाठले, आणि भोळेपणाचा आव आणून विचारले, की रोमन लोक जिंकल्यावर पुढे काय करायचे? राजा म्हणाला, मग सारी इटली आपलीच. आणि त्यापुढे? शेजारीच सिसिली आहे, हात पुढे करायचा अवकाश. म्हणजे सिसिली घेतल्यावर मोहीम संपली? छे, मग आफ्रिका आणि कार्थेज काही दूर नाहीत. आणि एवढे झाल्यावर मॅसिडोनिया नि ग्रीस आपल्याला कोण अडवणार? ठीक, किनियस म्हणाला, हे सगळे झाले, त्यानंतर? राजा हसून म्हणाला, त्यानंतर खुशाल आराम करू. रोज मित्रमंडळी जमवू, प्याले भरू, गप्पा मारू. त्यावर किनियसने हळूच विचारले, की एवढेच करायचे तर ते आत्ताच करायला कोणाची आडकाठी आहे? त्यासाठी लागणारे सगळे तर आपल्यापाशी आहे. मग एवढे रक्त सांडण्याचे आणि सोसण्याचे कारण काय?

राजा अस्वस्थ झाला, असे प्लूटार्क लिहितो. पण बेत काही बदलला नाही.

इ. स. पूर्व २८० मध्ये वीस हजार पायदळ, तीन हजार घोडदळ, दोन हजार तिरंदाज, पाचशे गोफणदार आणि वीस हत्ती घेऊन तो निघाला. वाटेत वादळाने जहाजांची दाणादाण केली. राजाने स्वतः खवळलेल्या समुद्रात उडी घेतली आणि पोहत किनारा गाठला. हळूहळू सैन्य जमले. टॅरेंटमच्या लोकांना वाटले होते, हा लढेल आणि आपण नाटके पाहू. पिऱ्हसने नाटकशाळा आणि आखाडे बंद केले, मेजवान्या थांबवल्या, आणि धडधाकट तेवढे पुरुष कवायतीला उभे केले. पाहुण्यालाच घरमालक करून बसलो, हे शहराला तेव्हा उमगले.

हेराक्लिया येथे सिरिस नदीच्या काठी रोमनांची पहिली गाठ पडली. पलीकडच्या छावणीची आखणी पाहून पिऱ्हस आपल्या सोबत्याला म्हणाला, की या रानटी लोकांची शिस्त काही रानटी दिसत नाही. लढाई कितीतरी वेळा पुढे-मागे हेलकावली. आपल्यावर रोख आहे हे पाहून पिऱ्हसने आपला झगा आणि चिलखत मेगाक्लीस या मित्राला दिले. मेगाक्लीस पडला, राजा मेला अशी आवई उठली, आणि सैन्य खचू लागले. तेव्हा पिऱ्हस शिरस्त्राण काढून, उघड्या तोंडाने ओरडत रांगांतून दौडत गेला. शेवटी हत्ती पुढे आले. रोमनांनी हा प्राणी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचे घोडे बिथरून उधळले. लुकानिया प्रांतात प्रथम भेटले म्हणून रोमनांनी हत्तींना नाव दिले ‘लुकानियाचे बैल’! कापेना येथे सापडलेल्या त्या काळच्या एका रंगीत थाळीवर पाठीवर हौदा घेतलेली हत्तीण आणि तिच्या मागून चाललेले पिल्लू रंगवले आहे; ती थाळी रोमच्या व्हिला जूलिया संग्रहालयात आहे. हत्तीण पाहताच ओळख पटते; ती आपल्याकडच्याच जातीची आहे.

रोमनांचे सात हजार पडले, पिऱ्हसचे चार हजारांच्या आत. पण त्या चार हजारांत त्याचे निवडक सरदार आणि जिवलग होते. त्याने किनियसला तहासाठी रोमला पाठवले. किनियसने प्रतिष्ठितांच्या घरी आणि त्यांच्या बायकांसाठी नजराणे नेले. एकाही घराने ते ठेवून घेतले नाहीत. तरी सेनेटचे मन तहाकडे झुकू लागले होते. तेवढ्यात अप्पियस क्लॉडियस हा वृद्ध, आंधळा पुढारी डोलीत बसून सभेत आला. ज्याने रोमचा प्रसिद्ध ‘अप्पियन’ रस्ता बांधवला, तोच हा. डोळे गेल्याचे दुःख होते, पण हे ऐकण्यापेक्षा कानही गेले असते तर बरे, अशा अर्थाचे तो बोलला. तह बारगळला. पिऱ्हस इटलीत असेतोवर बोलणे नाही, असा निरोप घेऊन किनियस परतला, आणि ती सभा म्हणजे राजांचाच मेळा आहे, असे त्याने आपल्या राजाला सांगितले.

या युद्धात दोन्ही बाजूंनी जी माणुसकी दिसली, ती आजही वाचावीशी वाटते. कैद्यांबद्दल बोलायला फॅब्रिशियस हा गरीब पण ताठ कण्याचा रोमन आला. पिऱ्हसने त्याला सोने देऊ केले. त्याने घेतले नाही. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता मागचा पडदा एकदम सरकवला, आणि फॅब्रिशियसच्या डोक्यावर सोंड उचलून हत्ती चीत्कारला. तो शांतपणे वळला आणि हसला; काल सोन्याने हललो नाही, आज या जनावराने काय हलणार, असा त्याचा भाव. पिऱ्हसने रोमन कैद्यांना सॅटर्नेलियाच्या सणासाठी नुसत्या शब्दावर घरी सोडले. घरच्यांबरोबर सण करा आणि तह झाला नाही तर परत या, एवढीच अट. तह झाला नाही. मागे राहणाऱ्याला देहान्ताची शिक्षा ठरवून रोमने सगळ्यांना परत पाठवले. पुढे पिऱ्हसचाच वैद्य त्याला विष घालायला तयार झाला, तेव्हा ती बातमी पिऱ्हसला कळवणारा शत्रुपक्षाचा कॉन्सल होता हाच फॅब्रिशियस.

दुसऱ्या वर्षी, इ. स. पूर्व २७९ मध्ये, अस्कुलम येथे पुन्हा लढाई झाली. पिऱ्हस पुन्हा जिंकला. रोमनांचे सहा हजार पडले. पिऱ्हसच्या स्वतःच्या दप्तरात आपले मृत ३५०५ नोंदले होते. अभिनंदन करायला आलेल्या माणसाला तो म्हणाला, की असा आणखी एक विजय मिळाला तर आमचे वाटोळे होईल. त्याने हिशेब नेमका केला होता. एपिरसहून आणलेले कसलेले लढवय्ये संपत चालले होते, आणि नवे आणायचे तर समुद्रापलीकडून. रोमच्या शिरगणतीत मात्र त्या सुमारास २ लाख ८७ हजार नागरिक नोंदले होते; एक फौज पडली की आतल्या झऱ्याने विहीर भरावी तशी दुसरी उभी राही. पिऱ्हस लढाया जिंकत होता, आणि रोम युद्ध जिंकत होते.

अशा वेळी शहाणा राजा एक तर तह करता किंवा नेटाने तळ ठोकता. पिऱ्हसने दोन्ही केले नाही. सिसिलीच्या ग्रीकांनी कार्थेजविरुद्ध मदत मागताच तो इ. स. पूर्व २७८ मध्ये इटली अर्धवट टाकून तिकडे गेला. एरिक्सच्या दुर्गम किल्ल्यावर शिडी लावून पहिला तोच चढला. कार्थेजच्या हाती सबंध बेटात एक लिलिबेयमचे ठाणे उरले. तेवढे ठेवून घेऊन पैसा आणि जहाजे द्यायला ते तयार होते. पिऱ्हसला ठाणेही हवे होते आणि आफ्रिकाही. जहाजांसाठी त्याने मित्र शहरांवर जबरदस्ती केली. ज्यांनी बोलावून आणले त्यांतल्या एकाला मारले, दुसरा पळाला. वर्षभरात तारणहाराचा जुलमी झाला. बेट सोडताना मागे वळून तो म्हणाला, की रोम आणि कार्थेज यांच्यासाठी केवढा हा आखाडा आपण सोडून चाललो! इ. स. पूर्व २६४ मध्ये ते दोघे त्याच आखाड्यात उतरले. दुसऱ्याचे भविष्य त्याला असे लख्ख दिसे.

इ. स. पूर्व २७५ मध्ये, पुढे ज्याला बेनेव्हेंटम म्हणू लागले त्या ठिकाणी, रोमनांशी शेवटची गाठ पडली. रात्रीच्या अंधारात डोंगरातून छापा घालायचा बेत होता. मशाली विझल्या, वाटा चुकल्या, उजाडले. एक हत्तीचे पिल्लू जखमी होऊन ओरडू लागले, आणि त्याचा आवाज ऐकून आई बेभान होऊन आपल्याच सैन्यात घुसली. रोमन सेनापती क्यूरियस डेंटेटसने आपल्या विजययात्रेत चार हत्ती मिरवले. सहा वर्षे घालवून पिऱ्हस आठ हजार पायदळ आणि पाचशे स्वार घेऊन घरी आला. त्यांना पोसायला पैसा नव्हता, म्हणून पुन्हा युद्ध!

आता पाळी मॅसिडोनियाची. तेथे डिमिट्रियसचा मुलगा अँटिगोनस राज्य करीत होता. पिऱ्हसने त्याला हरवले. पण त्याच्या भाडोत्री गॉल सैनिकांनी जुन्या राजांची थडगी फोडली तरी त्याने त्यांना शासन केले नाही, आणि लोकांचे मन विटले. हा सोंगट्यांच्या खेळातला असा गडी आहे, की ज्याला दान उत्तम पडते पण घरे खेळता येत नाहीत, अशा आशयाचे उद्गार या अँटिगोनसनेच काढले. पिऱ्हसबद्दल यापेक्षा नेमके कोणी बोलले नाही.

मॅसिडोनिया पुरता मुठीत नसतानाच इ. स. पूर्व २७२ मध्ये तो पंचवीस हजार पायदळ आणि चोवीस हत्ती घेऊन स्पार्टावर गेला. स्पार्टाचा राजा तेव्हा क्रीटला होता. बायकांना बेटावर धाडावे असा विचार निघताच अर्किडामिया नावाची स्त्री तलवार घेऊन सभेत आली आणि तिने पुरुषांना खडसावले. त्या रात्री लढणाऱ्या तरुणांना झोपायला सांगून बायका आणि म्हातारे खंदक खणायला लागले: सहा हात रुंद, चार हात खोल, आठशे फूट लांब. पहाटे त्यांनी तरुणांच्या हाती शस्त्रे दिली. जगातल्या तीन खंडांच्या राजांना ठाऊक असलेला हा गरुड त्या खंदकापाशी अडला.

तेथून तो अर्गॉसकडे वळला. वाटेत त्याचा तरुण मुलगा टॉलेमी मारला गेला. अर्गॉसमध्ये फितुरांनी रात्री वेस उघडली खरी, पण हौद्यांसकट हत्ती वेशीतून जाईनात. अंधारात हौदे उतरवले, आत नेऊन पुन्हा चढवले. तोवर शहर जागे झाले. सकाळी पिऱ्हसने बाहेर असलेल्या हेलेनस या मुलाला निरोप पाठवला, की भिंत पाड आणि वाट मोकळी ठेव. गोंगाटात निरोप उलटा पोचला, आणि हेलेनस उरलेले सैन्य नि हत्ती घेऊन त्याच वेशीतून आत घुसू लागला. एक हत्ती वेशीतच आडवा पडला. निकॉन नावाच्या दुसऱ्या हत्तीचा माहूत जखमी होऊन खाली पडला होता. त्याला शोधत तो हत्ती गर्दीतून उलटा फिरला, माहुताचे प्रेत सोंडेने उचलून सुळ्यांवर आडवे घेतले, आणि वाटेत येईल त्याला तुडवीत सुटला. त्या सगळ्या चेंगराचेंगरीत धन्याला न विसरलेला तो एक मुका जीव होता.

गल्लीत एका अर्गॉसकर तरुणाने पिऱ्हसवर भाला फेकला. जखम थोडकीच होती. पिऱ्हस त्याच्यावर वळला. त्या तरुणाची गरीब म्हातारी आई इतर बायकांबरोबर छपरावरून पाहत होती. पोराच्या जिवावर बेतलेले दिसताच तिने दोन्ही हातांनी छपराचे कौल उपटले आणि खाली टाकले. ते राजाच्या शिरस्त्राणाखाली मानेवर बसले. लगाम सुटला, राजा घोड्यावरून कोसळला, आणि एका शिपायाने त्याचे डोके कापले. वय सुमारे सत्तेचाळीस. डोडोनाच्या देवाने दिलेला नव्हे, एका आईने दिलेला हा कौल शेवटचा ठरला. त्याच वर्षी टॅरेंटम रोमच्या हाती गेले.

ते डोके अँटिगोनसच्या मुलाने बापापुढे आणून टाकले. बापाने मुलाला काठीने मारले, आणि तोंड झाकून घेऊन तो रडला. इप्ससला पडलेला आजोबा आणि कैदेत मेलेला बाप त्याला आठवला. त्याने पिऱ्हसचा दहनविधी मानाने केला आणि हेलेनसला सुखरूप घरी पाठवले.

या अँटिगोनसचे नाव आपल्या देशात दगडावर कोरलेले आहे. पिऱ्हस मेल्यानंतर दहा-अकरा वर्षांनी चंद्रगुप्ताच्या नातवाने कलिंग जिंकला. एक लाख मेले, दीड लाख देशोधडीला लागले; आणि त्या जेत्याने आपल्या विजयाबद्दल झालेला पश्चात्ताप शिलालेखात कोरून ठेवला. अशोकाच्या त्या तेराव्या शिलालेखात पाच यवन राजांची नावे येतात. त्यांतला ‘अंतिकिनि’ म्हणजे हा अँटिगोनस. आणि ‘अलिकसुदर’ म्हणजे पिऱ्हसचा मुलगा, एपिरसचा दुसरा अलेक्झांडर, असे बरेच पंडित मानतात. काहींना तो करिंथचा अलेक्झांडर वाटतो. धर्माने मिळवलेला विजय तोच श्रेष्ठ विजय, असा त्या लेखाचा आशय आहे. किनियसने विचारलेला प्रश्न अशोकाला एका लढाईनंतर पडला. पिऱ्हसला तो लढाईच्या आधीच कोणी विचारला होता, आणि उत्तरही त्याच्या तोंडून वदवले होते.

सारे जग जिंकून झाल्यावर त्याला काय करायचे होते? मित्रमंडळी जमवून खाणेपिणे करायचे होते आणि गप्पा मारायच्या होत्या. दिवाळीच्या चार दिवसांत घरोघर फराळाच्या ताटाभोवती आपण तेच करतो. तेवढ्यासाठी निघालेला तो राजा मात्र तिथवर कधी पोचलाच नाही.